अर्ज, छत्री आणि दोनशे ओंडके: कॅनबेरात ॲबोरिजिनल राजकीय कला कशी पाहावी

ऑस्ट्रेलियाच्या सहलीत कॅनबेरा बहुतेकांच्या यादीत नसतं. सिडनी, मेलबर्न, फार तर केर्न्स, आणि परतीचं विमान. पण तिथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे ॲबोरिजिनल आणि उत्तरेकडच्या टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांची राजकीय कला पाहायची इच्छा असेल, तर एक मुक्काम राजधानीत कराच. ही कला ज्यांना उद्देशून केली गेली ते सरकार, ती संसद आणि ते सर्वोच्च न्यायालय याच गावात आहेत. चित्र आणि चित्र ज्या पत्त्यावर धाडलं तो पत्ता, दोन्ही पायी फिरण्याच्या टप्प्यात.

कलेचा अभ्यास नसला तरी चालेल. फक्त एक सवय लावून घ्या. प्रत्येक कलाकृतीसमोर उभं राहिल्यावर आधी विचारा: हे कोणी, कोणाला आणि कधी सांगितलं? सुंदर आहे का, हा प्रश्न मागाहून आला तरी काही बिघडत नाही. इथली कित्येक चित्रं सरकारदरबारी केलेले अर्ज आहेत, काही तर कोर्टात पुरावा म्हणून मांडली गेली आहेत. ती अर्जासारखी वाचली की बोलायला लागतात.

निघण्याआधी अर्ध्या तासाचा गृहपाठ

दालनातल्या पाट्या गृहीत धरतात की काही तारखा तुम्हाला ठाऊक आहेत. तिथल्या माणसाला त्या असतात, आपल्याला नसतात. म्हणून एवढं डोक्यात ठेवून जा.

१७७० मध्ये जेम्स कुकनं पूर्व किनारा ब्रिटनच्या राजाच्या नावे केला. २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीत ब्रिटिश झेंडा रोवून कैद्यांची वसाहत सुरू झाली. हा देशाचा राष्ट्रीय दिन. अनेक ॲबोरिजिनल लोक मात्र त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात. जमिनीला कोणी मालकच नव्हता, असं कायद्यानं पुढे दोनशे वर्षं धरून चालवलं. ही समजूत मोडली ती ३ जून १९९२ रोजी, माबो खटल्याच्या निकालात. टोरेस स्ट्रेटमधल्या मेर बेटाच्या लोकांनी तो लढवला होता.

मधल्या काळात मुलं गेली. साधारण १९१० ते १९७० या वर्षांत सरकारी धोरणानुसार हजारो ॲबोरिजिनल मुलं आईबापांपासून काढून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवली गेली. ‘स्टोलन जनरेशन्स’ असा शब्द पाटीवर दिसला की तो त्यांच्याबद्दल आहे. पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी.

१९६७ च्या सार्वमताचा उल्लेख जागोजागी येईल. मतदानाचा हक्क त्यानं मिळाला असं पुष्कळ जण सांगतात, ते चूक आहे. केंद्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क १९६२ मध्येच मिळाला होता. १९६७ मध्ये ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘हो’ म्हटलं ते दोन गोष्टींना: जनगणनेत ॲबोरिजिनल लोकांना मोजणं आणि केंद्र सरकारला त्यांच्यासाठी कायदे करता येणं. दुसरं सार्वमत ऑक्टोबर २०२३ चं. संसदेला सल्ला देणारं त्यांचं एक मंडळ राज्यघटनेत असावं का, असा प्रश्न होता. सुमारे ६० टक्के मतं विरोधात पडली, सहाही राज्यांनी नाकारलं. कौल बाजूनं दिला तो फक्त कॅनबेराच्या राजधानी प्रदेशानं. २०२३ नंतरच्या कामांत दिसणारा थकवा आणि संताप समजायचा तर हे माहीत हवं.

जाता जाता एक सूचना, कारण आपल्या लोकांकडून हे हमखास होतं. ‘आम्हीही ब्रिटिशांखाली होतो’ हे वाक्य गाइडला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवू नका. त्यात आपुलकी असते, मान्य. पण आपल्याकडून ब्रिटिश परत गेले, इथून कोणी गेलं नाही. इथल्या बहुतेक राजकीय कलेचा विषयच तो आहे.

कधी जावं, कसं पोचावं

सिडनीहून कॅनबेरा २८० किलोमीटरच्या आसपास. बसनं साडेतीन तास, ट्रेननं चारच्या वर. बस शहराच्या मध्यभागी सोडते. एका दिवसात जाऊन येणं शक्य आहे, पण करू नका. दोन रात्री ठेवा, मधला पूर्ण दिवस या कामासाठी. जून ते ऑगस्ट थंडी कडक असते, रात्री पारा शून्याखाली जातो. जाड जाकीट न्या, कारण दिवसाचा बराच भाग उघड्यावर चालण्याचा आहे.

२७ मे ते ३ जून हा ‘रिकन्सिलिएशन वीक’, म्हणजे समेटाचा आठवडा. त्याच्या दोन्ही टोकांना वर सांगितलेल्या तारखा आहेत, १९६७ चं सार्वमत आणि माबोचा निकाल. जुलैच्या पहिल्या रविवारपासून ‘नायडॉक वीक’ असतो, तो इथल्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचा आठवडा. या दिवसांत चर्चा, कलाकारांसोबत फेऱ्या वगैरे अधिक असतं. नॅशनल गॅलरीत दर काही वर्षांनी ‘नॅशनल इंडिजिनस आर्ट ट्रायेनिअल’ भरतं. नावात त्रैवार्षिक असलं तरी तीन वर्षांचं गणित ते फारसं पाळत नाही. पहिलं २००७ मध्ये, १९६७ च्या सार्वमताला ४० वर्षं झाली तेव्हा. २०१७ चं ५० वर्षांच्या निमित्तानं, आणि त्याचं नावच ‘डिफाइंग एम्पायर’, म्हणजे साम्राज्याला आव्हान. तुमची सहल अशा एखाद्या प्रदर्शनात पडत असेल तर भाग्य समजा.

नॅशनल गॅलरी, संसद भवन आणि नॅशनल म्युझियम यांच्या नेहमीच्या दालनांना तिकीट नाही. खास प्रदर्शनांना बऱ्याचदा असतं. जाण्याच्या आठवड्यात वेळा आणि ‘सध्या मांडलेली कामं’ संकेतस्थळावर पाहून घ्या. झाडाच्या सालीवरची आणि कागदावरची कामं उजेडानं खराब होतात, म्हणून ती आलटून पालटून बाहेर काढतात. एका ठरावीक चित्रासाठीच जात असाल तर ईमेल करून विचारा.

सकाळी: संसद भवन

दिवसाची सुरुवात संग्रहालयात नको, संसदेत करा. दारापाशीच पहिली कलाकृती पायाखाली असते. प्रांगणातलं मोठं मोझेइक पश्चिमी वाळवंटातल्या वार्लपिरी चित्रकार मायकल नेल्सन जागामारा यांच्या चित्रावरून केलंय, १९८८ मध्ये, सुमारे ९०,००० ग्रॅनाइटचे तुकडे बसवून. वेगवेगळ्या गटांचे पूर्वज एका ठिकाणी सभेला जमताहेत, असा त्याचा आशय. संसदेच्या अंगणाला साजेसं, असं सगळ्यांना वाटलं. १९९३ मध्ये जमिनीच्या मालकीहक्काच्या कायद्यावरून वाद पेटला, तेव्हा जागामारा यांनी निषेध म्हणून त्याच मोझेइकच्या मधला तुकडा काढून घेतला. पर्यटक या मोझेइकवर उभे राहून झेंड्याचा फोटो काढतात आणि आत जातात. तुम्ही पाच मिनिटं कडेनं चाला.

आत विमानतळासारखी तपासणी होते. त्यानंतर तिथल्या कर्मचाऱ्यांना ‘बार्क पिटिशन्स’, म्हणजे सालीवरचे अर्ज, कुठे आहेत ते विचारा.

या अर्जांसमोर वेळ घालवा. दिवसातलं सगळ्यात लहान आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. उत्तरेच्या टोकाला आर्नहेम लँडमध्ये यिर्कला नावाची वस्ती आहे, योलंगू लोकांची. १९६३ मध्ये सरकारनं त्यांना न विचारता त्यांच्या राखीव क्षेत्रातला ३०० चौरस किलोमीटरहून मोठा पट्टा बॉक्साइटच्या खाणीसाठी वेगळा काढला. योलंगूंनी संसदेला अर्ज केला. मजकूर आपल्या भाषेत आणि इंग्रजीत टाइप केला, कागद निलगिरीच्या सालीवर चिकटवला आणि भोवती त्या त्या कुळांची रेखाटनं रंगवली.

चौकट ही सजावट समजून डोळा मधल्या मजकुराकडे जातो, तिथेच थांबा. योलंगू कायद्यात एखादी नक्षी रंगवण्याचा अधिकार त्या जमिनीशी नातं असणाऱ्या कुळालाच असतो. दुसऱ्यानं ती काढायची नाही. म्हणजे इंग्रजी मजकूर ज्या जमिनीवर हक्क सांगतो, तिचा मालकीचा कागद भोवतीच्या चौकटीत आहे. एकाच सालीवर दोन कायदे, आणि संसदेला वाचता येत होता त्यातला एकच.

सह्यांबद्दल तेव्हा शंका काढली गेली. मग योलंगूंनी अंगठ्यांचे ठसे उमटवलेला आणखी एक अर्ज पाठवला. चौकशी समिती नेमली गेली, तिनं पवित्र स्थळांचं रक्षण आणि भरपाईची शिफारस केली, आणि खाण झालीच. १९७१ मध्ये योलंगू कोर्टातही हरले. पण त्या हरण्यातून जो आयोग आणि जी चर्चा निघाली तिचं फळ म्हणजे नॉर्दर्न टेरिटरीचा १९७६ चा जमीनहक्क कायदा. सालीवरचे मूळ अर्ज चार होते. एक नॅशनल म्युझियमकडे आहे. आणखी एक कित्येक दशकं बेपत्ता होता. तो अलीकडे हजारो किलोमीटर दूर पश्चिमेच्या डर्बी गावात एका घरी सापडला आणि यिर्कलाला परत गेला.

याच इमारतीत १९८८ चं ‘बारुंगा स्टेटमेंट’ही आहे, ॲबोरिजिनल लोकांनी सरकारपुढे ठेवलेलं हक्कांचं निवेदन. फळ्यावर मधोमध मागण्या, भोवती उत्तरेकडची बारीक आडवीतिडवी रेघारेघी आणि मध्य वाळवंटातली ठिपक्यांची चित्रं. एकमेकांपासून इतक्या दूरच्या लोकांनी एका फळ्यावर रंगवावं, हेच त्यातलं राजकारण. पंतप्रधान बॉब हॉक यांनी ते स्वीकारलं, करार करू म्हणाले. करार झाला नाही. पदावरचा त्यांचा शेवटचा कार्यक्रम १९९१ च्या डिसेंबरमध्ये झाला, तो हा फळा संसदेत लावण्याचा.

बाहेर पडताना उत्तरेकडे पाहा. जुनं संसद भवन, तळं आणि पलीकडे युद्धस्मारक एका सरळ रेषेत दिसतात. ती रेषा लक्षात ठेवा, दुपारी उपयोगी पडेल.

उतार उतरून: तंबूचा दूतावास

तिथून जुन्या संसद भवनाकडे चालत उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. इमारतीसमोरच्या हिरवळीवर तंबू, शेड, झेंडे आणि धुमसती शेकोटी दिसेल. हा ‘ॲबोरिजिनल टेंट एम्बसी’.

२६ जानेवारी १९७२ रोजी चार तरुण इथे एक समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवून बसले. सरकारनं आदल्या दिवशीच जमिनीची मालकी मान्य करायला नकार दिला होता. आपल्याच देशात परके ठरवलंत, तर परक्यांसारखा आमचाही दूतावास हवा, असा त्यामागचा तर्क. यातला विनोद सरकारला बोचला. हिरवळीवर तंबू ठोकायला बंदी करणारा कायदाच तेव्हा नव्हता. जुलैमध्ये घाईनं तो केला आणि पोलिसांनी तंबू उखडले. लोक पुन्हा आले. १९९२ पासून दूतावास सलग तिथे आहे.

इथे वागण्याचे नियम दालनापेक्षा कडक पाळा. ही मांडणी नाही, लोक इथे राहतात. शेकोटी पवित्र मानतात. तिच्यात काही टाकू नका, ओलांडू नका. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत, आणि पाठमोरे काढणं म्हणजे विचारणं नव्हे. कोणी बोलायला आलं तर बसा, ऐका. कोणी आलं नाही तर पाहून पुढे जा. इथल्या मंडळींमध्ये आपसांतही मतभेद आहेत, त्यामुळे एकाशी बोलून सगळ्यांचं म्हणणं समजलं असं धरू नका.

काळा, लाल आणि मधे पिवळं वर्तुळ असलेला ॲबोरिजिनल झेंडाही एका कलाकाराचा आहे. हॅरल्ड थॉमस यांनी तो केला, पहिल्यांदा ॲडलेडमध्ये १९७१ च्या जुलैत फडकला. चित्र त्यांचं, म्हणून हक्कही त्यांचेच होते. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ते दोन कोटी डॉलरहून अधिक देऊन विकत घेतले, तेव्हापासून तो कोणालाही वापरता येतो.

दुपारी: नॅशनल गॅलरी

जेवून घ्या. रिकाम्या पोटी पुढचं झेपत नाही.

तळ्याकाठानं पूर्वेला गेलं की नॅशनल गॅलरी. मोठी बॅग दारात ठेवावी लागते. आत शिरल्यावर ‘ॲबोरिजिनल मेमोरियल’ कुठे आहे ते विचारा आणि वाटेत कशातही न अडकता थेट तिथे जा.

दोनशे रंगवलेले, आतून पोकळ ओंडके. कोणी गुडघ्याएवढा, कोणी माणसाच्या कितीतरी वर. मध्य आर्नहेम लँडमधल्या रामिंगिनिंग आणि आसपासच्या ४३ कलाकारांनी ते १९८७-८८ मध्ये रंगवले. कल्पना जॉन मंडीन यांची, ते तेव्हा तिथे कला सल्लागार होते. त्या भागात अंत्यसंस्काराच्या शेवटच्या टप्प्यात मृताची हाडं वाळवीनं पोखरलेल्या अशा ओंडक्यात ठेवतात. १९८८ मध्ये देश वसाहतीची दोनशे वर्षं धूमधडाक्यात साजरी करत होता. त्या दोनशे वर्षांत जमीन राखताना मेलेल्या आणि ज्यांचे संस्कार कधी झाले नाहीत अशांसाठी वर्षाला एक, असे हे दोनशे. आत हाडं नाहीत.

मधून वाट काढली आहे, तिच्यातून चाला. ती ग्लाइड नदीची खाडी आहे, आणि ओंडके ज्या कलाकाराचे, त्याच्या कुळाची जमीन नदीच्या ज्या काठाला, त्या जागी उभे आहेत. म्हणजे स्मारकही आहे आणि नकाशाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा, परत या, मग बाजूला उभं राहून सगळं एकदम पाहा. हात लावू नका. धक्का लागेल अशी पाठीवरची पिशवी पुढे घ्या.

आता सकाळची सरळ रेषा आठवा. तळ्यापलीकडच्या युद्धस्मारकात देशासाठी मेलेल्या सैनिकांची नावं आहेत. वसाहतीच्या सीमेवर झालेल्या लढायांना आणि कत्तलींना तिथे किती जागा द्यायची, यावर दशकानुदशकं वाद चालू आहे. दोनशे ओंडके हे त्या वादातलं एका बाजूचं म्हणणं आहे, सरकारी गॅलरीच्या छताखाली उभं केलेलं.

या कलाकारांत डेव्हिड मलांगी होते. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियानं नवं चलन काढलं तेव्हा एक डॉलरच्या नोटेवर त्यांच्या सालीवरच्या चित्रातली आकृती छापली, त्यांना न विचारता. बोभाटा झाल्यावर रिझर्व्ह बँकेनं त्यांना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीच्या सामानाची पेटी दिली. देशातल्या ॲबोरिजिनल कलाकारांच्या स्वामित्वहक्काची गोष्ट बहुतेक जण इथून सांगायला लागतात.

मेमोरियलनंतर थोडं बसा. मग बाकीची दालनं. काय मांडलेलं असेल ते बदलतं, पण काही नावं दिसली तर थांबा.

रिचर्ड बेल: मोठे कॅनव्हास, ठळक अक्षरं, बोचरा विनोद. ॲबोरिजिनल कलेचा बाजार गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी चालवलेला आहे, हे त्यांनी थेट चित्रावरच लिहिलं आणि त्याच चित्राला २००३ मध्ये देशातला या क्षेत्रातला मोठा पुरस्कार मिळाला. हसू आलं तर हसा, ते हसण्यासाठीच केलंय. हसून झाल्यावर आपण नेमके कोणाला हसलो ते तपासा. व्हर्नन आह-की हे कलाकार अक्षरं इतकी जवळ जवळ ठेवतात की वाचताना अडखळायला होतं. ते मुद्दाम आहे. त्यांनी कोळशानं काढलेले नातेवाइकांचे प्रचंड चेहरे पाहा. यातल्या काहींचं मूळ मानववंशशास्त्रज्ञानं काढलेल्या, क्रमांक घातलेल्या फोटोंत आहे. फोटोत ती माणसं नमुना होती. इथे ती तुमच्याकडे पाहतात.

यॉनी स्कार्स काचेवर काम करतात. त्यांच्या ‘थंडर रेनिंग पॉयझन’मध्ये दोन हजारांहून अधिक काचेचे कंद छतापासून खाली पावसासारखे लटकतात. लांबून झुंबर वाटतं. ब्रिटननं १९५६ ते १९६३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारालिंगा इथे अणुचाचण्या केल्या, तिथे वाळू वितळून तिची काच झाली होती, हे वाचल्यावर झुंबर उरत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर एक लक्षात घ्या: फास, कत्तली, कोठडीतले मृत्यू यांवरची कामंही इथे असतात, आधी एकट्यानं डोकावून या.

पाटी कशी वाचायची

कलाकाराच्या नावाखाली लोकसमूहाचं नाव असतं: योलंगू, वार्लपिरी, कोकाथा, वाका वाका. ते वगळू नका, कारण चित्र काढण्याचा हक्क तिथून येतो. मग साहित्य पाहा. ‘मातीचे रंग’ असं लिहिलं असेल तर ती माती बहुधा त्याच जमिनीतली आहे. शेवटी वर्ष पाहा आणि वरच्या तारखांशी जोडा: १९८८, १९९२, २००८, २०२३. पाटीवर अर्थ अर्धाच दिला असेल तर संग्रहालयाचा आळस समजू नका. उरलेलं दीक्षा न घेतलेल्यांना सांगायचं नसतं.

ठिपक्यांची चित्रं ‘पारंपरिक’ आणि अक्षरांची ‘राजकीय’, अशी वाटणीही करू नका. वायव्येकडच्या ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांना १९९७ मध्ये जमिनीचा दावा इंग्रजीत मांडणं जड गेलं, तेव्हा त्यांनी आठ मीटर बाय दहा मीटरचा एक कॅनव्हास रंगवला, ‘नुरारा’ नावाचा. सुनावणीत माणसं कॅनव्हासवर आपापल्या पाणवठ्यावर जाऊन उभी राहिली आणि तिथून बोलली. २००७ मध्ये दावा मान्य झाला. त्या कॅनव्हासवर घोषणेचा एक शब्द नाही.

काय बोलावं, काय टाळावं

दाराशी किंवा दालनाबाहेर सूचना असते की आत मृत व्यक्तींची नावं, चित्रं, आवाज आहेत. अनेक समाजांत मृताचं नाव काही काळ घेत नाहीत. एखादा फोटो झाकलेला किंवा काढून घेतलेला दिसला तर तो कुटुंबाच्या इच्छेनुसार असतो, हट्ट धरू नका. फोटोबंदीचं चिन्ह नसेल तिथे फ्लॅशविना फोटो चालतात.

बोलताना ‘ॲबोरिजिनल लोक’ किंवा ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणा. ‘ॲबोरिजिनीज’ हा जुना शब्द पुष्कळांना खटकतो. कार्यक्रमाच्या सुरुवातीला स्थानिक समाजातली ज्येष्ठ व्यक्ती पाहुण्यांचं स्वागत करते, तेव्हा फोन खाली ठेवून उभं राहायचं. कॅनबेरा ही नुन्नावल आणि नाम्ब्री लोकांची भूमी, हे तिथे ऐकायला मिळेल. वडीलधाऱ्यांना ‘आंटी’, ‘अंकल’ म्हणतात, पण तशी ओळख करून दिली असेल तरच तुम्ही म्हणा.

गाइड ॲबोरिजिनल असेल तर ‘तुम्ही दिसत नाही तसे’ किंवा ‘किती टक्के?’ हे प्रश्न गिळून टाका. रक्ताची टक्केवारी काढून सरकारनं मुलं उचलली, हा इतिहास नुकताच दालनात पाहून झालेला असतो. त्याऐवजी ‘हे काम कुठल्या भागातलं?’, ‘हे पहिल्यांदा कुठे लावलं होतं?’, ‘त्यावर सरकारचं काय उत्तर आलं?’ असं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला गाइड मोकळे होतात, असा माझा अनुभव.

कॅनबेराला जमलंच नाही तर

सिडनीत हाइड पार्कमध्ये टोनी अल्बर्ट यांचं २०१५ चं सैनिक स्मारक उघड्यावर आहे: चार उभ्या बंदुकीच्या गोळ्या आणि तीन पडलेल्या रिकाम्या पुंगळ्या, सगळ्या माणसाहून कितीतरी मोठ्या. देशासाठी लढलेल्या ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट सैनिकांना परत आल्यावर काय वागणूक मिळाली, ते त्याच्या मजकुरात आहे. डार्लिंग हार्बरच्या सागरी संग्रहालयाकडे यिर्कला परिसरातली सालींवरची ८० चित्रं आहेत. १९९६ मध्ये बेकायदा मासेमारी करणाऱ्यांच्या तळावर, एका पवित्र जागी, मगरीचं तोडलेलं डोकं सापडलं. त्या संतापातून योलंगू कलाकारांनी आपल्या समुद्राचे कायदे सालींवर रंगवले. त्यांच्याच किनाऱ्यावरच्या ब्लू मड बे या उपसागराच्या खटल्यात २००८ मध्ये भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पाण्यावरचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला. सालींपैकी सध्या काय लावलंय ते विचारून जा.

ब्रिस्बेनला असाल तर मॅजिस्ट्रेट कोर्टासमोर फिओना फोली यांचं २००४ चं ‘विटनेसिंग टू सायलेन्स’ पाहा. धातूची कमळं, काचेत राख घातलेले खांब, आणि फरशीवर कोरलेली ९४ ठिकाणांची नावं. काम मंजूर होताना फोली यांनी ते आग आणि पुराबद्दल असल्याचं सांगितलं होतं. बसवून झाल्यावर खुलासा केला: ही क्वीन्सलँडमधल्या कत्तलींची ठिकाणं आहेत. कोर्टाच्या दारात. रोज वकील त्यावरून चालतात.

मेलबर्नमध्ये फेडरेशन स्क्वेअरची नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाची इमारत आणि मेलबर्न म्युझियममधलं बुंजिलाका दालन. डार्विनला ऑगस्टमध्ये गेलात तर ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट कलेच्या राष्ट्रीय पुरस्काराचं प्रदर्शन लागलेलं असतं.

काही विकत घ्यायचं असेल तर

पर्यटकी दुकानातलं रंगीत बूमरँग घेऊ नका. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय न्यायालयानं एका कंपनीला २३ लाख डॉलर दंड केला. इंडोनेशियात बनवलेल्या १८,००० हून अधिक वस्तू तिनं ॲबोरिजिनल कलाकारांच्या म्हणून विकल्या होत्या. दुकानात तीन गोष्टी विचारा: कलाकाराचं पूर्ण नाव, समाज किंवा कला केंद्राचं नाव, आणि कलाकाराला पैसे कसे पोचतात. विक्रेता ‘इंडिजिनस आर्ट कोड’चा, म्हणजे कलाकारांशी प्रामाणिक व्यवहाराच्या आचारसंहितेचा, सदस्य आहे का तेही विचारा. गोलमाल उत्तर आलं की बाहेर पडा. संग्रहालयाच्या दुकानात परवाना घेऊन छापलेली पोस्टर, पुस्तकं, टॉवेल मिळतात. कमी पैशात तेच बरं. मूळ चित्र परवडत असेल तर कला केंद्राचं प्रमाणपत्र जपून ठेवा. पुढे कधी ते ऑस्ट्रेलियातल्या गॅलरी किंवा लिलावातून एक हजार डॉलर किंवा अधिक किमतीला विकलं गेलं, तर २०१० पासूनच्या नियमाप्रमाणे त्यातले ५ टक्के कलाकाराला मिळतात. अस्सल बूमरँग मिळालंच तर ते चेक-इन सामानात टाका, हातातल्या बॅगेत ठेवलं तर सुरक्षा तपासणीत अडू शकतं.